सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका

संपादक साहेब नमस्कार,

माझा मुलगा तिसरीत असताना सकाळी पोटात दुखतंय म्हणायचा, आम्हाला वाटायचं शाळा बुडवायची नाटकं, खूप उशिरा लक्षात आलं की ज्या दिवशी वर्गात उभं राहून धडा वाचायचा असतो त्याच दिवशी याचं पोट दुखतं. एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणारा मुलगा, पण पुस्तक समोर आलं की घ आणि ध मध्ये अडकायचा, पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून द्यायचा. सगळे म्हणायचे आळशी आहे, येईल हळूहळू. मी पण ओरडले, एकदा मारलं सुद्धा, ते अजून विसरता येत नाही मला.

डोळे तपासले, ठणठणीत निघाले. शेवटी कळलं, त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे वाचायला शिकतानाच येणारी अडचण. डिस्लेक्सिया हा नजरेचा दोष नाहीच मुळी, शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांशी जोडणं तिथे मुलं अडतात. 'कमळ' मधला क काढला तर काय राहिलं, हे त्याला सांगताच यायचं नाही. हुशारीशी याचा काही संबंध नाही. 1896 साली प्रिंगल मॉर्गन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने अशाच एका 14 वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं, त्याचे मास्तर म्हणायचे सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेत पहिला येईल. सव्वाशे वर्षं झाली आणि आपण अजून आळशीच म्हणतोय!

आपल्या लिपीत तर ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. त्यात काही मुलं पुढे बरोबर वाचायला लागतात पण फार हळू, आणि चुका दिसत नाहीत म्हणून शिक्षकांच्या लक्षातच येत नाही. घरात आईवडिलांपैकी कोणाला हा त्रास असेल तर मुलाकडे जास्तच लक्ष द्या, आमच्याकडे ह्यांनाही होता, कोणाला सांगितलंच नव्हतं त्यांनी.

आम्हाला उपयोग झाला तो स्पेशल एज्युकेटरचा, म्हणजे अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या शिक्षकांचा, एक आवाज एक अक्षर, बोटाने गिरवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, रोज थोडं थोडं. हे पहिली दुसरीतच सुरू झालं असतं तर किती त्रास वाचला असता त्याचा.

शिक्षकांना एकच विनंती, अशा मुलाकडून वर्गात वाचून घ्यायचंच असेल तर कुठला परिच्छेद ते आदल्या दिवशी सांगा, तो घरून तयारी करून येईल.

- एक आई