काडीच्या डोळ्यात

प्रिय बाळा,

सलाम. तुझा परवाचा मेसेज मम्मीने मला वाचून दाखवला. प्रार्थनेला बसते पण आतून काहीच येत नाही, दृढीकरणाच्या वेळी, मंडळीसमोर स्वतः विश्वास कबूल करताना, जे वाटलं होतं ते कुठे गेलं कळत नाही, असं तू लिहिलंस. फोनवर मला हे धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहायला बसलो.

आपल्या द्राक्षबागेत खरडछाटणी चालू आहे. एप्रिलचं ऊन आणि बाग सगळी बोडकी. लहानपणी तू हे बघून रडायचीस, पप्पांनी झाडं मारली म्हणायचीस. एक-दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून बाकी सगळी काडी आम्ही खाली पाडतो. मग नवी फूट येते आणि छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत त्या काडीच्या डोळ्यात घड धरतो, इतका बारीक की उघड्या डोळ्यांना दिसत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो बाहेर येतो. फेब्रुवारीत लोक म्हणतात, यंदा माल चांगला लागला. पण तो मे-जूनमध्येच ठरलेला असतो. तोवर काडीने ओलांड्याला, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीला, धरून राहायचं आणि ऊन घ्यायचं, एवढंच. सावलीत दडपलेल्या काडीला घड कमी धरतात.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात प्रभू द्राक्षवेलीबद्दल बोलतो. बागायतदार असूनही मला त्यातला 'फळ' हा शब्दच ऐकू यायचा आणि धास्ती वाटायची. तो 'राहा' किती वेळा म्हणतो, हे फार उशिरा लक्षात आलं.

माझा बाप्तिस्मा मी तान्हा असतानाच झाला. पुढे गायनमंडळात गायलो, कमिटीवर बसलो, शास्त्रपाठ वाचले. 2014 च्या मार्चमधली गारपीट तुला आठवत असेल. तोडणीला आलेला माल चिखलात पडला होता. त्यानंतर तीन महिने मी उपासनेला गेलो नाही. पाळकसाहेब घरी आले तर मागच्या दाराने बागेत निघून जायचो. एका रात्री त्याच बागेत मी देवाला मनात होतं ते सगळं बोललो. त्यात प्रार्थनेची भाषा नव्हती, नुसता राग होता. उत्तर आलं नाही. पण इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्याच्याशी बोललो होतो. तोवर त्याच्यासमोर पाठ म्हणत होतो. त्याच्याशी माझं नातं मी त्या रात्रीपासून मोजतो. नंतरही ते एकसारखं राहिलं नाही. काही महिने कोरडे जातात, अजूनही.

पंडिता रमाबाईंचं मी तुला पूर्वीही सांगितलंय, पण हा भाग नीट सांगितला नव्हता. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात, वाँटेजला झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलं की तेव्हा ख्रिस्ती धर्म हाती आला होता, ख्रिस्त मात्र भेटला नव्हता. तो भेटायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली. एवढी विदुषी बाई, शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा चालवणारी, आणि हे कबूल करायला लाजली नाही. नंतर हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणायला बसली आणि 1922 मध्ये देवाघरी जाईपर्यंत त्याच कामात राहिली. ज्याच्याशी बोलणं सुरू झालं, त्याचे शब्द आपल्या घरच्या बायकांना कळावेत, एवढी ओढ तिला लागली होती, असं मला वाटतं.

तेव्हा भावना येत नाही म्हणून बसणं सोडू नकोस. सुचत नसेल तर 13 वं स्तोत्र मोठ्याने वाच. दावीद त्यात देवाला सरळ विचारतो, कोठवर? तेवढंच म्हणून उठलीस तरी चालेल. आणि तिथल्या मंडळीत एखादी वडीलधारी बाई शोध, तिच्याजवळ जाऊन बस. एकटी राहू नकोस.

मे महिन्यात सुट्टी मिळाली तर ये. फूट दाट झाली असेल, काड्या विरळायच्या आहेत म्हणजे आत ऊन जाईल. तुझा हात त्या कामाला चांगला आहे.

तुझा,
पप्पा