घर चढावरच बांध

चि. प्रफुल यास अनेक आशीर्वाद.

पुलाजवळच्या वावरात घर बांधायचं तू म्हणालास. डांबरी रोड समोर, गाडी दारापर्यंत येईल, हे सगळं खरं आहे. पण त्या वावरात बांधू नको. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

मारुतीच्या ओट्यावरून एकदा गावाकडे पाहा. नाला खाली आणि जुनी घरं सगळी चढावर. चढावर पांढरी माती, तिच्याखाली मुरूम. उतार संपला की काळी सुरू होते. काळी पऱ्हाटीला चांगली, घराला नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वरची भिंत तिच्यासोबत हलते. म्हणून जुन्या लोकांनी काळी पेरायला ठेवली आणि चूल पांढरीवर मांडली. पाणी मात्र जवळ हवं होतं. नाला पौषापर्यंत वाहायचा. तो आटला की बाया रेतीत झिरे उकरायच्या आणि वाटीवाटीनं गुंड भरायच्या. तुझ्या पणजीनं उभा जन्म असंच पाणी भरलं.

आबाजी सांगायचे, सुरुवातीला मोजकीच घरं होती. पाटलाचं एक, काही कुणब्यांची, आणि ढोरं राखणाऱ्या गोवाऱ्यांची. ढोरं गोळा होतात तो आखर आज जिथं आहे तिथंच तेव्हाही होता, कारण तिथून ढोरं सरळ नाल्यावर उतरतात.

गाव वाढलं ते कापसानं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस विलायतेत पोचेना आणि आपल्या भागातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. हिंगणघाटच्या बनी कापसाचं नाव तर आधीपासूनच होतं. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. आजचं वर्धा शहर आहे ना, तिथं पालकवाडी नावाचं खेडं होतं. 1866 मध्ये तिथं शहर आखलं. आपल्या बंड्या हिंगणघाटच्या बाजाराला जाऊ लागल्या. वेचणीला आलेली माणसं इथंच राहिली. गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारानं सुतार आणला, लोहार आणला, त्यांना घराला जागा दिली.

जागा चढावर दिली, पण सगळ्यांना नाही. हे तुला माहीत असावं. ज्यांना गावानं अस्पृश्य मानलं, त्यांची घरं नाल्याच्या खालच्या अंगाला, काळीत होती. झडी लागली की पहिलं पाणी त्यांच्या दारात. भिंती दरसाल खचायच्या, दरसाल लिंपायच्या. गावाचा हा अन्याय होता आणि तो पिढ्यान् पिढ्या चालला. 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली, तरी त्यांची घरं लगेच हलली नाहीत. फार पुढं गावठाण वाढवलं, वरच्या बाजूला प्लॉट पडले, तेव्हा ती माणसं खालून वर आली. पहिलं घर पूर्ण झालं त्या दिवशी त्या घरच्या म्हाताऱ्यानं सपरीत बसून अख्ख्या वस्तीला चहा पाजला होता. मी तिथं होतो. वर येण्यासाठी लोकांनी एवढं सोसलं, आणि आपण पैसे मोजून त्याच खोलगट जागेत उतरायचं?

नाला वर्षभर कोरडा दिसतो म्हणून तुला भीती वाटत नसेल. 1991 मध्ये 30 जुलैला नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये वर्धा नदीचं पाणी शिरलं. दोनशेवर माणसं गेली. पुढं गाव नव्या जागी वसवावं लागलं. आपला नाला वर्धेएवढा नाही, हे मलाही कळतं. पण त्याचं पाणी वणा नदीत जातं, आणि वणा फुगली की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, मागं पसरतं. ते पसरतं नेमकं पुलाच्या अलीकडे, आपल्याच वावरात. रोडचा भराव घातल्यापासून जास्तच थांबतं. मागच्या झडीत तिथली तूर पिवळी पडून गेली.

गाव आता रोडकडे सरकतं आहे, ते मला समजतं. दुकानं तिकडे, एसटी तिकडे, पोरांच्या शाळेची गाडी तिकडे. मी कोणाला अडवत नाही. पण सांधवाडीमागची आपली जागा रिकामीच आहे. मुरूम दोन हातांवर लागतो. तिथून रोड पायी पाच मिनिटं, आणि पांदण पक्की करायची मागणी ग्रामसभेत झाली आहे. गाडी तिथंही येईल.

त्या जागेचा नमुना आठ मी काढून ठेवला आहे. सूनबाईशी बोल. मिस्त्री दिवाळीनंतर मोकळा आहे, पायवा कधी खोदायचा ते कळव. तुझी आई म्हणते, स्वयंपाकघराची खिडकी नाल्याकडे ठेवा, वारा तिकडून येतो.

तुझे बाबा