सायनसचा न दिसणारा कोपरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘दुर्बिणीनं सायनस साफ केला, तरी त्याच नाकपुडीतून पुन्हा घाण वास येते,’ ही तक्रार विदर्भातल्या खेड्यांमधून येणारे रुग्ण नेहमी करतात. दोष दर वेळी औषधाचा नसतो. आजार ज्या कोपऱ्यात आहे, तिथे अवजार पोचलेलेच नसते.

हा सायनस म्हणजे गालाच्या हाडातली पोकळी, प्रौढ माणसात साधारण १५ मिलिलिटरची. तिचे नैसर्गिक तोंड मात्र वर, डोळ्याच्या पातळीकडे, आणि आतला शेंबूड सूक्ष्म केसांच्या जोरावर तिकडेच चढतो. मूळ तोंड न उघडता शेजारी खिडकी पाडली, तर एका भोकातून बाहेर आलेला शेंबूड दुसऱ्यातून परत आत शिरतो.

नेहमीच्या खिडकीतून शून्य अंशाची, म्हणजे सरळ समोर बघणारी दुर्बीण मागची भिंत दाखवते. पुढची भिंत, तळ आणि अश्रुनलिकेपुढची (डोळ्यातले पाणी नाकात नेणाऱ्या नळीपुढची) खाच पाहायला ७० अंशांची, तिरके बघणारी लागते, आणि दिसले तरी वाकडा चिमटा तिथवर वळेलच असे नाही. बुरशीच्या गोळ्याचा तुकडा तळाशी राहिला, तर त्रास परततो. पॅपिलोमाचे (चामखिळीसारख्या गाठीचे) मूळ पुढच्या भिंतीवर असेल, तर तिथले हाड घासल्याशिवाय तो पुन्हा उगवतो.

अशा वेळी अश्रुनलिकेच्या पुढून जावे. खालच्या टर्बिनेटच्या (नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील हाडाच्या उंचवट्याच्या) पुढे चीर देऊन अस्तर उचलतात, नलिकेपुढचे हाड काढतात, नलिका व टर्बिनेट आतल्या बाजूला सरकवतात. काम झाले की सगळे जागेवर बसवून टाका घालायचा. त्याआधी सीटीवर नलिका आणि पुढची भिंत यांतले अंतर मोजलेच पाहिजे. ७ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर वाट मोकळी. ३ च्या आत असेल तर हाड बरेच कोरावे लागते, आणि नलिका दुखावली की डोळा पाझरत राहतो. वरचे दात काही काळ बधिर होऊ शकतात, हे रुग्णाला आधीच सांगावे. वरच्या ओठाखालून चीर देण्याची कॉल्डवेल-लुक पद्धत १८९० च्या दशकातली. टाकाऊ नाही, पण पहिली निवडही नव्हे.

एकाच बाजूला घाण वासाचा पू असेल, तर आधी वरची दाढ बघा. पहिल्या-दुसऱ्या दाढेची मुळे सायनसच्या तळाला भिडलेली असतात आणि दाढ ठणकतेच असे नाही. ती तशीच ठेवून नुसता सायनस साफ केला, तर पू पुन्हा भरतो. दाढ काढल्यावर गुळणीचे पाणी नाकातून आले, तर भोक पडले समजा. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) बंद आणि लगेच दवाखाना.

मधुमेह असलेल्याचा गाल बधिर झाला, डोळा सुजला किंवा टाळूवर काळा डाग दिसला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. २०२१ चा म्युकर, म्हणजे काळ्या बुरशीचा आजार, विदर्भ विसरलेला नाही.

शस्त्रक्रियेनंतर नाक धुवायला लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ घ्यावे, म्हणजे साधारण दीड छोटा चमचा. विहिरीचे किंवा हातपंपाचे कच्चे पाणी नाकात घालू नये. कापूस वेचणीच्या दिवसांत फेरतपासणी चुकते, खपल्या साचतात आणि नाकातल्या भिंती एकमेकींना चिकटतात.

जिल्हा रुग्णालयांच्या खरेदी यादीत ७० अंशांची दुर्बीण आणि तिच्याजोगी वाकडी अवजारे यावीत. सीटी केंद्रांनी अहवालात दाढेच्या मुळांचा उल्लेख करावा आणि कागदासोबत सीडीही द्यावी. नुसत्या कागदावरून अंतर मोजता येत नाही.

आपले,
कान-नाक-घसा विभागातील डॉक्टर, जि. यवतमाळ