ट्रामची तिकिटं, पण पोस्टाची!

संपादक महोदय, स.न.वि.वि.

जुन्या ट्रामचं वेड असलेल्यांनी अमेरिकन पोस्टाने १९८३ साली काढलेली २० सेंटची चार तिकिटं एकदा बघाच. न्यूयॉर्कची १८३२ची घोड्यांची ट्राम, माँटगोमेरीची १८८६ची विजेवरची, न्यू ऑर्लिन्सची १९२३ची सेंट चार्ल्स रस्त्यावरची (त्या हिरव्या गाड्या अजून धावतात हो!), आणि माझी सगळ्यात लाडकी म्हणजे आर्कान्सामधल्या सल्फर रॉकची, कारण साल बघा १९२६, म्हणजे सगळीकडे मोटारी सुटल्यात आणि इथे अजून जनावर जुंपून गाडी ओढतायत, कसली घाई नाही काही नाही. हल्लीच्या मेट्रोवर कुणी एवढ्या मायेने तिकीट काढेल का, मला तरी डाउट आहे.

आपला,
एक तिकीटवेडा वाचक