ताप नाही म्हणजे बरं आहे, असं नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. डिसेंबरातली नागपूरची थंडी, घरात 12 दिवसांचं बाळ आणि 84 वर्षांच्या सासूबाई. बारशाला आलेल्यांपैकी एक जण खोकत होता. ‘बाळाला घेऊ नका’ म्हणायला माझी जीभ रेटली नाही, याची चुटपुट अजून आहे.

चार दिवसांत दोघंही आजारी पडले. बाळानं अंगावर पिणं सोडलं. आम्ही त्याच रात्री दवाखाना गाठला. सासूबाईंकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. थर्मामीटर 98 दाखवत होता. ताटातला वरण-भात तसाच राहायचा, आणि लेकीला त्या माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारू लागल्या. वयच झालं, असं आम्ही म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी धाप लागली, एक्स-रे काढला, तर न्यूमोनिया.

दोघंही बरे झाले. पण डॉक्टरांनी समजावलं ते आधी ठाऊक असतं तर तीन दिवस वाया गेले नसते. नवजात बाळाची प्रतिकारशक्ती जंतू अजून ओळखायला शिकायची असते. तोवर आईकडून मिळालेल्या उसनवारीवर भागतं: पोटात असताना, मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, नाळेतून आलेली प्रतिपिंडं आणि नंतर चिकातून, दुधातून मिळणारी. नाळेतून आलेली ही शिदोरी काही महिन्यांत संपते. गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस देतात ती बाळासाठीही असते. 2015 मध्ये भारतातून नवजात धनुर्वाताचं निर्मूलन झालं, त्यात या लशीचा मोठा वाटा आहे. (पहिलं दूध म्हणजे चीक पिळून टाकणाऱ्या आज्या अजूनही भेटतात. बायांनो, तो टाकू नका!)

म्हातारपणी गोष्ट वेगळी. जुन्या आजारांची ओळख शरीराला बरीचशी असते, पण नवा जंतू ओळखणाऱ्या पेशी छातीतल्या ज्या थायमस ग्रंथीत तयार होतात, ती तरुणपणापासूनच आकसत जाते. लशीलाही म्हातारं शरीर कमी दाद देतं. संसर्ग झाला तरी ताप चढेलच असं नाही. जेवण तुटणं, एकाएकी गोंधळणं, झोपून राहणं हीच लक्षणं असू शकतात. तान्ह्या बाळालाही ताप न येता अंग गार पडू शकतं.

आशाताई नातवाच्या लशीची तारीख सांगायला दारात येतात, त्यांचे उपकार आहेत. सासूबाईंना फ्लूची आणि न्यूमोनियाची लस घ्यायची असते, हे मात्र आजारपण निस्तरल्यावर कळलं, आणि त्या विकतच घ्याव्या लागल्या. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत बाळांच्या लसीकरणाच्या दिवशीच साठीपुढच्यांचीही सोय करावी. आपणही डॉक्टरांना विचारून वृद्धांच्या लशींचा तक्ता छापावा. नातवाचं लसीकरण कार्ड आमच्या फ्रिजवर लावलं आहे, त्याच्या शेजारी जागा ठेवली आहे.

आपली,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर