यंत्राच्या मर्यादाही छापाव्यात

महोदय,

आपल्या दैनिकात नव्या उपकरणांची आणि स्वयंचलित गाड्यांची ओळख करून देणारा मजकूर मी नेमाने वाचतो. एसटीच्या कार्यशाळेत तीस वर्षे काढल्यामुळे यंत्राकडे पाहण्याची माझी एक सवय झाली आहे. गाडी सुरळीत धावताना कशी वाटते, यावरून आम्ही तिची पारख करत नसू. ब्रेकमधली हवा उतरली किंवा भर पावसात वायपर अडकला, तर चालकाला ते वेळेवर कळते का आणि त्यानंतर गाडी त्याच्या ताब्यात राहते का, हे आम्ही आधी पाहत असू. नव्या वस्तूंच्या परीक्षणांत हा प्रश्न क्वचितच विचारलेला दिसतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या जुलैत पुतण्याच्या नव्या गाडीतून आम्ही आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला गेलो. गाडीला मार्गिकेत राखणारी आणि पुढच्या वाहनापासून अंतर सांभाळणारी यंत्रणा महामार्गावर खरोखरच चांगली चालली. घाटात धुके उतरले, रस्त्याच्या कडेचे पांढरे पट्टे दिसेनासे झाले, आणि जिथे मदतीची सर्वाधिक गरज होती तिथेच कॅमेऱ्याला दिसत नसल्याची सूचना देऊन यंत्रणा बंद झाली. तिने तसे कळवले, हा तिचा प्रामाणिकपणाच म्हणायला हवा. परतताना मात्र दुरुस्ती झालेल्या एका रस्त्यावर जुने पट्टे नीट खोडलेले नव्हते, आणि स्टिअरिंग नव्या पट्ट्यांऐवजी जुन्या पट्ट्यांकडे ओढ घेऊ लागले. पुतण्याचे दोन्ही हात चाकावर होते म्हणून काही बिघडले नाही.

वाहनांच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा पातळ्या मानल्या जातात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक गाड्यांतील यंत्रणा दुसऱ्या पातळीची असते. म्हणजे गाडी वेग आणि दिशा सांभाळत असली तरी लक्ष ठेवण्याची संपूर्ण जबाबदारी चालकाचीच राहते. जाहिरातीत हे बारीक अक्षरांत असते, आणि माझ्या मते धोका नेमका इथेच आहे. नव्वद वेळा बिनचूक वागलेल्या यंत्रावर माणूस एक्याण्णव्या वेळी डोळे झाकून विसंबतो.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या टेंपी शहरात उबर कंपनीच्या चाचणीतील स्वयंचलित गाडीने रात्री सायकल हाती धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत असे दिसले की, गाडीला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच समोर काहीतरी असल्याचे कळले होते. पण ते वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याबाबतचा तिचा निर्णय सतत बदलत राहिला. पादचारी ठरलेल्या जागेखेरीज अन्यत्रही रस्ता ओलांडतात, ही शक्यता त्या प्रणालीच्या रचनेत धरलेलीच नव्हती. लक्ष ठेवण्यासाठी बसवलेल्या व्यक्तीची नजर त्या वेळी रस्त्यावर नव्हती. सातारा, सांगली किंवा पुण्याच्या रस्त्यांवर माणसे कुठून कुठे ओलांडतात, हे वाचकांना मी सांगायला नको.

याचा अर्थ चालकाविना गाडी चालूच शकत नाही, असे मी म्हणत नाही. वेमो कंपनीच्या गाड्या अमेरिकेतील फिनिक्स परिसरात २०२० पासून चालकाविना सर्वसामान्य प्रवाशांची ने-आण करत आहेत, आणि दिल्ली मेट्रोच्या मॅजेंटा मार्गिकेवर त्याच वर्षी चालकविरहित गाडी सुरू झाली. मात्र वेमोने आधी बारकाईने नकाशे तयार केलेला ठरावीक प्रदेश निवडला, आणि मेट्रोच्या रुळांवर बैलगाडी किंवा टँकर येत नाही. तिथले यश आपल्या घाटरस्त्यांना लावून पाहता येत नाही.

लहान उपकरणांनाही हीच कसोटी लावायला हवी. ह्युमेन कंपनीचे कपड्यावर लावायचे, बोलून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देणारे ‘एआय पिन’ हे उपकरण एप्रिल २०२४ मध्ये ६९९ डॉलरला बाजारात आले, शिवाय दरमहा २४ डॉलर वर्गणी होतीच. फेब्रुवारी २०२५ अखेर कंपनीने सेवा बंद केली आणि वर्षही न झालेल्या त्या वस्तूचा मुख्य उपयोगच संपला. कंपनीच्या सर्व्हरशिवाय वस्तू काय करू शकते, हे खरेदीपूर्वी कळणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

आपल्या पुरवणीला माझी विनंती आहे की, पुढच्या गाडीचे परीक्षण करताना ती पावसाळ्यात एकदा आंबेनळी किंवा कुंभार्ली घाटातून न्यावी, आणि यंत्रणेने कोणत्या वळणावर, किती वेळ आधी सूचना देऊन ताबा सोडला, हे किमतीच्या चौकटीशेजारीच छापावे.

आपला,
एक वाचक, सातारा