दोन हजार वॅटचा ॲम्प आणि तीस अँपिअरचा फ्यूज

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली की जळगाव, धुळे, नंदुरबारकडे दारोदारी नव्या गाड्या उभ्या राहतात. पाठोपाठ लग्नसराई येते आणि गाडीत सबवूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, टाकून घेण्याची घाई सुरू होते. या दिवसांत जाहिरातींत ‘२००० वॅट’, ‘३००० वॅट’ असे आकडे ठळक टायपात झळकतात. दुकानात विचारावे तर काउंटरवरून उत्तर ठरलेले: “दोन हजार वॅटना शे भाऊ!” गिऱ्हाईक खुशीत पैसे मोजते. पुढे ॲम्प, म्हणजे स्पीकरला पॉवर देणारा ॲम्प्लिफायर, दर दहा मिनिटांनी बंद पडू लागतो किंवा सबवूफरमधून जळका वास येतो, आणि खापर कंपनीवर फुटते. बऱ्याचदा चूक निवडताना झालेली असते, म्हणून हा पत्रप्रपंच.

खोक्यावरचा तो आकडा ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ वॅटचा. तो कसा काढायचा याला कसलाच धरबंध नाही. कामाचा आकडा आरएमएसचा, म्हणजे आवाज न फाटता ॲम्प सतत किती पॉवर देतो तो. तोही किती ओहमला, म्हणजे विजेला किती अडथळा असलेल्या स्पीकरला, हे सोबत लिहिलेले असेल तरच उपयोगाचा. अमेरिकेत २००३ साली यासाठी सीईए-२००६ हे मानक आले, आता त्याला सीटीए-२००६ म्हणतात. त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन (आवाज फाटणे) अशा अटींवर पॉवर मोजतात. खोक्यावर हे नाव दिसले तर आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

नाव नसेल तर ॲम्प हातात घ्या आणि टर्मिनलची बाजू बघा. पॉझिटिव्ह, ग्राउंड आणि रिमोट या तीन टर्मिनलच्या शेजारी पात्याचे रंगीत फ्यूज खोचलेले असतात. हिरवा ३० अँपिअरचा, पिवळा २०चा, निळा १५चा. समजा एकच हिरवा फ्यूज आहे. गाडी चालू असताना १४ व्होल्ट धरले तर ॲम्पच्या आत जाणारी वीज ३० गुणिले १४, म्हणजे ४२० वॅट. क्लास-डी ॲम्प त्यातली साधारण ८० टक्के स्पीकरला देतो, म्हणजे ३३५ च्या आसपास. जुन्या धाटणीचा क्लास-एबी ५५ टक्के धरा, म्हणजे २३०. खोक्यावर दोन हजार छापले असले तरी ४२० वॅट आत घेऊन दोन हजार बाहेर काढणारे यंत्र अजून निघालेले नाही. खरोखरचे दोन हजार वॅट हवे असतील तर पावणेदोनशे अँपिअर लागतील. लहान गाडीत वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरची सगळी ताकद त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि त्यातच एसी, रेडिएटरचा पंखा आणि हेडलाइट चालवायचे असतात. मात्र हा हिशेब फक्त कमाल मर्यादा सांगतो. दोन मोठे फ्यूज लावलेले आहेत म्हणून ॲम्प तेवढा दमदार असेलच असे नाही. सीटखाली बसणाऱ्या तयार सबवूफरलाही हाच हिशेब लावा. ‘६०० वॅट’ लिहिलेल्या डबीत १५चा फ्यूज असेल तर ती फार तर १६५-१७० वॅटची. घरच्या गाडीला तेवढे पुष्कळ होते, फक्त ६०० चे पैसे मोजू नका.

निवड सबवूफरपासून सुरू करायची, ॲम्पपासून नव्हे. सबवूफरचा आरएमएस ३०० वॅट असेल तर त्याच्याच ओहमला ३०० ते ४०० आरएमएस देणारा मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा, क्लास-डी ॲम्प घ्या. थोडा मोठा ॲम्प गेन (ॲम्पवरची सिग्नल जुळवायची चावी) कमी ठेवून चालवला तर काही बिघडत नाही. शंभर वॅटचा ॲम्प नुसता लावल्यानेही सबवूफर जळत नाही. बिघाड होतो तो लहान ॲम्प कान पिळून वाजवला की. लाटेचा माथा सपाट होतो, याला क्लिपिंग म्हणतात. त्यात सरासरी पॉवर वाढते आणि कॉइल, म्हणजे सबवूफरच्या आतली तारेची गुंडाळी, तापत जाते. कोन, म्हणजे समोरचा हलणारा पडदा, बाहेरून धडधाकट दिसतो, पण मल्टिमीटर लावला तर कॉइल ओपन, म्हणजे आतून तुटलेली.

यानंतरचा प्रश्न ओहमचा, आणि सर्वात जास्त घोळ इथेच होतो. सबवूफर सिंगल कॉइल आहे की डबल, हे घेतानाच विचारा. ४+४ ओहमचा डबल कॉइल सबवूफर पॅरलल जोडला तर २ ओहम, सिरीजमध्ये जोडला तर ८. दोन्ही कॉइलला मिळून ४ ओहम करता येत नाही. २+२चा असेल तर पॅरललमध्ये १ आणि सिरीजमध्ये ४. म्हणजे ‘३०० वॅट ४ ओहमला, ५०० वॅट २ ओहमला’ अशा ॲम्पवर ५०० आरएमएसचा ४+४ सबवूफर चपखल बसतो. त्याच ॲम्पवर २+२चा सबवूफर पॅरलल जोडला तर तो १ ओहमवर जातो आणि प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो, म्हणजे ॲम्प स्वतःला वाचवायला बंद होतो. दोनपैकी एकच कॉइल जोडून ‘४ ओहम झाले’ म्हणणारेही भेटतात. तसे केले की सबवूफरची झेपण्याची ताकद निम्मी होते.

ब्रिजिंगचा, म्हणजे ॲम्पचे दोन चॅनेल जोडून एकच स्पीकर चालवण्याचा, खड्डा याहून खोल. चार चॅनेलच्या ॲम्पवर ‘२ ओहम स्टेबल’ लिहिलेले असते ते एकेका चॅनेलबद्दल. दोन चॅनेल ब्रिज करून सबवूफर लावला की प्रत्येक चॅनेलला त्याचे निम्मे ओहम दिसतात. म्हणून ब्रिजला ४ ओहमच्या खाली जायचे नाही. जोडण्याआधी मीटरने मोजून बघा. ४ ओहमची कॉइल साधारण ३.२ ते ३.८ दाखवते. तेवढ्यावरून ती खराब आहे असे समजू नका, डीसी मोजमाप कमीच येते.

वायरबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण ‘वायरिंग किट फ्री’ या दोन शब्दांवर बरीच गिऱ्हाइके भुलतात. किटमधली वायर बोटाएवढी जाड, पारदर्शक लाल, आतून झळाळणारी. तिचे टोक सोला आणि दोन तारा ब्लेडने खरवडा. वरचा तांबूस थर गेला आणि आत पांढरे दिसले तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम, बाजारात त्याला सीसीए म्हणतात. त्याची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश. शिवाय जाडी बरेचदा प्लास्टिकचीच असते, आतला धातू लिहिलेल्या गेजपेक्षा (वायरीच्या जाडीच्या मापापेक्षा) कितीतरी बारीक. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत पाच मीटर अंतर धरले तर शुद्ध तांब्याच्या ८ गेज, म्हणजे सुमारे साडेआठ स्क्वेअर एमएम वायरीत ३० अँपिअरला ०.३ व्होल्ट गळतो. त्याच मापाच्या सीसीएत तो अर्ध्या व्होल्टकडे जातो. बारीक सीसीएत किती जाईल याचा अंदाज करा. बास पडला की डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात, त्याच्या मुळाशी पुष्कळदा ही वायर असते. ३०० आरएमएसला तांब्याची १० स्क्वेअर एमएम चालेल, ५००-६०० ला १६ ते २५. ग्राउंडची वायरही त्याच मापाची, अर्ध्या मीटरच्या आत, आणि बॉडीवरचा रंग पत्र्यापर्यंत घासून घट्ट बोल्टने आवळलेली. सीटबेल्टचा बोल्ट त्यासाठी सोडवू नये. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी येत असेल तर आधी हे ग्राउंडच तपासा. स्टिरिओकडून ॲम्पला सिग्नल नेणारी आरसीए केबल पॉवर वायरीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी.

मेन फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवाच. ॲम्पवरचा फ्यूज फक्त ॲम्प वाचवतो, पाच मीटर वायरीला कोणी वाली नसतो. इंजिनकडून केबिनमध्ये येताना ती पत्र्याच्या भोकातून येते. तिथे रबरी ग्रोमेट नसला तर आपल्याकडच्या खड्ड्यांत वर्षभरात कव्हर घासून निघते. बॅटरीचा पॉझिटिव्ह पत्र्याला टेकला की शेकडो अँपिअर वाहतात आणि वायर निखाऱ्यासारखी लाल होते. मे महिन्यात गाडी पेटली की ‘ऊन फार होते’ म्हणून लोक मोकळे होतात. उन्हाने वायर पेटत नाही, मेन फ्यूज नसल्याने पेटते. १० स्क्वेअर एमएमला ४० अँपिअरचा लावा.

आता ऊन. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या घरात जातो, तेव्हा उघड्यावर काचा बंद करून ठेवलेल्या गाडीत ६० च्या पुढचे तापमान असते. बहुतेक ॲम्प स्वतःची बॉडी ८०-८५ अंशांवर गेली की बंद होतात. म्हणजे गाणे सुरू होण्याआधीच चारपैकी तीन हिस्से वाट संपलेली. क्लास-डीचा आग्रह यासाठीच. ३०० वॅट देताना तो ७५ वॅट उष्णता टाकतो. क्लास-एबी तेवढ्यासाठी जवळपास अडीचशे टाकतो, म्हणजे डिक्कीत इस्त्री चालू ठेवल्यासारखे. ॲम्प सबवूफरच्या खोक्यावर स्क्रूने मारू नये. थरथरीने आतली सोल्डरिंग सुटते. गालिचाखालीही दडपू नये. पुढच्या सीटखाली, जिथे एसीची हवा पोहोचते, तिथे चारी बाजूंनी तीन-चार सेंटिमीटर मोकळे सोडून बसवावा. उन्हातून गाडी काढल्यावर आधी काचा खाली करून पाच-दहा मिनिटे एसी चालवा आणि मग आवाज वाढवा.

बास पडताना वीज पुरवायला म्हणून विकतात ती कपॅसिटरची चकचकीत नळकांडी घेऊ नका. १ फॅरडच्या कपॅसिटरमध्ये १४.४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे ३२ ज्यूल निघतात. ३०० वॅट ओढणाऱ्या ॲम्पला ते सेकंदाचा दहावा भाग पुरतात. ते पैसे वायरीत घाला. हळदीच्या मांडवासमोर इंजिन बंद ठेवून वाजवणाऱ्यांसाठी एवढेच, की ३५ एएचच्या बॅटरीतून सरासरी १० अँपिअर ओढले तर दीड-दोन तासांत सेल्फ मारणे अवघड होते.

बसवल्यावर उरतो गेन. गेन म्हणजे व्हॉल्यूमचा नॉब नव्हे. स्टिरिओचा सिग्नल ॲम्पला जुळवून घेण्याची ती चावी आहे. फिटर तो शेवटपर्यंत फिरवून देतो, कारण गिऱ्हाइकाला दुकानातच छाती हलायला हवी असते. खरी पद्धत दहा मिनिटांची. सबवूफरच्या वायरी ॲम्पवरून काढा. बास बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर ठेवा, स्टिरिओचा आवाज पाऊण करा. ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा, म्हणजे ० डीबीचा टोन लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुट मोजा आणि गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टला थांबायचे, तर वॅट गुणिले ओहम करून त्याचे वर्गमूळ काढायचे. ३०० वॅट आणि ४ ओहमला ३४.६, ३०० आणि २ ओहमला २४.५, ५०० आणि २ ओहमला ३१.६. तिथे गेनवर मार्करने खूण करून ठेवा. लो-पास, म्हणजे फक्त खालचे स्वर जाऊ देणारी गाळणी, ८० हर्ट्झवर ठेवा. सबवूफरच्या खोक्याला पोर्ट, म्हणजे हवेचे भोक, असेल तर सबसॉनिक, म्हणजे अगदी खालचे स्वर अडवणारी गाळणी, २५-३० हर्ट्झला चालू ठेवा, नाहीतर खालच्या स्वरांना कोन वाटेल तसा उडतो. बास बूस्ट कायमचा शून्यावर. १२ डीबीचा बूस्ट म्हणजे त्या स्वराला सोळापट पॉवर, आणि ती आणायची कुठून?

कंपनीच्या स्टिरिओला आरसीए नसेल तर वायरी कापू नका, वॉरंटीचा प्रश्न येतो. हाय-लेव्हल इनपुट असलेला, म्हणजे स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेणारा ॲम्प आणि गाडीच्या मॉडेलचा कपलर (वायरी न कापता जोडायचा सॉकेट) घ्या.

रावेर-सावद्याकडच्या केळीच्या ट्रकवाल्यांना एक वेगळे सांगणे. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट असतात. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून ॲम्प चालवला तर ती बॅटरी कायम अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि काही महिन्यांत दोन्ही जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टरच लावावा. ३०० आरएमएससाठी तो सतत ३० अँपिअर देणारा हवा.

आपल्याकडे मागणे इतकेच, की अशा जाहिराती घेताना मॅक्स वॅटच्या शेजारी आरएमएस आणि ओहम छापण्याचा आग्रह धरावा. वाचकांनीही बिलावर ‘साउंड सिस्टिम १ सेट’ एवढे लिहून घेऊन घरी येऊ नये. ॲम्पचे आरएमएस किती ओहमला, वायर तांब्याची की सीसीए, आणि मेन फ्यूज किती अँपिअरचा, हे दुकानदाराच्या अक्षरात लिहून घ्यावे.

आपले,
कार ऑडिओ फिटिंगच्या कामातील काही वाचक, जळगाव